फ्रान्समधलं ग्रॅव्हल सायकलिंग: सेले, लोत आणि मधलं पठार (माहिती, अनुभव, प्रश्न)

रानवाट

नमस्कार मंडळी.

फ्रान्समधल्या सायकलिंगबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक लोआर नदीकाठचं, नाहीतर आल्प्स-पिरेनीजच्या घाटांचं. दक्षिण-पश्चिमेच्या लोत जिल्ह्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांच्याकडे ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांवर चालणारी, रुंद टायरची सायकल) आहे किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी याहून चांगला मुलूख मी तरी पाहिलेला नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी तुलूझला राहतो. तिथून काओर रेल्वेने जवळ आहे, त्यामुळे शनिवार-रविवार मोकळा मिळाला की त्या बाजूला जाणं होतं.

आधी थोडा भूगोल. लोत ही नदी आणि तिच्याच नावाचा जिल्हा. काओर हे जिल्ह्याचं ठिकाण. सेले ही लोतची उपनदी. कांतालच्या डोंगरात उगवते, फिजाक गावावरून येते आणि बूझिएसजवळ लोतला मिळते. दोन्ही नद्यांनी चुनखडीच्या पठारात खोल, नागमोडी दऱ्या कापल्या आहेत. या पठाराला तिकडे कॉस म्हणतात. सेलेच्या उत्तरेला ग्रामाचं कॉस, लोतच्या दक्षिणेला लिमोन्यचं कॉस. हा बराचसा भाग १९९९ पासून प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक भूउद्यान म्हणून मान्यता दिली.

माझं सांगणं एकच आहे: इथे नदी धरून जाऊ नका, नदी ओलांडत जा.

नकाशा पाहिला की पहिला मोह होतो तो नदीकाठच्या रस्त्याचा. सेलेच्या दरीतून डी-४१ जातो, लोतच्या दरीतून डी-६६२. दोन्ही रस्ते देखणे आहेत, पण डांबरी आहेत आणि उन्हाळ्यात गाड्यांनी भरलेले असतात. दरी अरुंद, नदी, रस्ता, अक्रोडाची बाग, मक्याचं शेत, संपली दरी. खडीच्या आणि मातीच्या वाटा आहेत त्या वर, पठारावर. मेंढरं नेण्याच्या, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाण्याच्या जुन्या वाटा. दोन्ही बाजूंना कमरेएवढे दगडी गडगे, मधे पांढरी खडी, वर ठेंगण्या ओकची सावली. तासन् तास अशा वाटेने जाता येतं आणि एखादा ट्रॅक्टर भेटला तर भेटला. मग पठाराची कड येते, खाली नदी दिसते, दोनशे-अडीचशे मीटर उतरून गावात जायचं, पाणी भरायचं, पाव घ्यायचा आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा वर. दरी, पठार, दरी, पठार, असं केलं की हा मुलूख कळतो. नुसतं खालून गेलं तर त्याचा निम्मा भाग दिसतच नाही.

मी मित्रांना जो मार्ग सुचवतो तो असा. रोकामादूर-पादिराक या छोट्या स्टेशनावर उतरायचं. तिथून रोकामादूर चार-पाच किलोमीटर. गावात शिरण्याआधी लोस्पितालेच्या कड्यावरून ते आधी पाहून घ्या. आल्झू ओढ्याच्या घळीवर खडकाला बिलगून एकावर एक रचलेली घरं, त्यावर देवळं, त्यावर किल्ला. यात्रेकरू ज्या २१६ पायऱ्या गुडघ्यांवर चढत त्या आजही तशाच आहेत. आल्झूच्या घळीतून ग्रामापर्यंत पायवाट आहे आणि जुन्या पाणचक्क्यांचे अवशेष तिथे आहेत, पण ती वाट सायकलची नाही, दगडच दगड आहेत. वरूनच ग्रामा गाठा आणि दक्षिणेला ब्रोन्यच्या रानात शिरा.

ब्रोन्य हे माझं सगळ्यात आवडतं रान. ओक आहेत पण उंच नाहीत, खाली माती अगदी पातळ, जागोजागी कातळ उघडा. कानियाक-द्यु-कॉस गावाच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची लहान लहान कुंडं आहेत. त्यांना सँ नाम्फाझची तळी म्हणतात. हा संत म्हणजे सम्राट शार्लमेनच्या सैन्यातला अधिकारी, पुढे रानात येऊन राहिला आणि मेंढपाळांसाठी त्याने ही कुंडं खोदली अशी लोककथा आहे. एकेका कुंडाची घडण निरखून पाहण्यासारखी आहे: वर काठ बसक्या दगडांचा, एका बाजूला जनावरांना उतरायला तिरपा उतार, तळाला गाळ आणि पाण्यावर हिरवी साय. माणसाने पिऊ नये असं पाणी, पण मेंढरं आजही पितात.

कानियाकहून दक्षिणेला सेलेच्या दरीत उतरायचं, मार्सियाकला किंवा थेट काब्रेरेला. मार्सियाकला बेनेडिक्टिन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ आहे, अर्धा पडका, छप्पर गेलेल्या भागात गवत उगवलेलं. मुक्काम तिथे छान होतो. दुसऱ्या दिवशी काब्रेरेजवळ आदिमानवाच्या चित्रांची पेश-मेर्लची गुहा, मग बूझिएस, मग सँ-सीर-लापोपी. तिसऱ्या दिवशी लोतच्या दक्षिणेला चढून लिमोन्यच्या कॉसवरून लालबँक आणि काओर. काओरला गाडी पकडायची. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास, किती आडवाटा घेता त्यावर थोडं कमी-जास्त.

विचारा काय विचारायचं ते. सवडीने उत्तरं देतो.

पंपवाला

मस्त धागा! वाखु (वाचनखूण) साठवली. टायर किती रुंदीचे लागतील? माझ्याकडे ३५ मिमीचे आहेत. आणि गिअर? पुढे एकच ४० दातांची चकती आहे, मागे ११-४२.

रानवाट

@पंपवाला, ३५ मिमीवर जाता येईल, पण मजा जाईल. इथली खडी नदीतल्या गोट्यांसारखी गोल नाही, चुनखडीची आहे आणि कडा धारदार. ४२ ते ४५ मिमी घ्या, ट्यूबलेस करा, सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) ताजं भरा. ७० किलोच्या माणसाला ३५ पीएसआयच्या आत हवा पुरते. जास्त हवा भरली की प्रत्येक दगड मनगटात बसतो आणि उतारावर चाक उडतं. टायरची बाजू फाटली तर सीलंट उपयोगाचं नाही, म्हणून आतून लावायला जाड रबराचा तुकडा आणि एक ट्यूब जवळ असू द्या. पठारावर सायकलचं दुकान नाही. काओर आणि फिजाकला आहे.

गिअरबद्दल: दरीतून वर येणाऱ्या वाटा जुन्या आहेत, बैलांसाठी आणि माणसांसाठी काढलेल्या, त्यामुळे लांब वळणं न घेता सरळ वर चढतात. दहा-बारा टक्के चढ, तोही सुट्या खडीवर. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं. बसूनच चढायला हवं, म्हणून हलका गिअर हवा. पुढे ४० आणि मागे ४२ हे सामान नसताना ठीक. बॅगा असतील तर पुढची चकती ३६ ची करून घ्या. दोन चकत्यांची ४६-३० असेल तर प्रश्नच मिटला.

दख्खनी

छान लिहिलंय. मी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) या लांब पल्ल्याच्या सायकल-मोहिमेसाठी २०२३ ला फ्रान्सला गेलो होतो. १२०० किलोमीटर, ९० तासांची मर्यादा. तेव्हा गावागावांत लोक रात्री दोन वाजता टेबल मांडून कॉफी देत उभे होते, ते विसरता येत नाही. पण ते सगळं उत्तर-पश्चिमेला आणि डांबरावर. हे वाचून वाटलं की हे दीडशे किलोमीटर एका दिवसात सहज होतील. उन्हाळ्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तीन दिवस कशाला?

रानवाट

@दख्खनी, पीबीपी पूर्ण करणाऱ्याला अंतर जड नाही हे खरंच. तरी मी तीन दिवसांवर ठाम आहे. एक तर खडीवर वेग निम्म्यावर येतो. दुसरं, गुहा ठराविक वेळी उघडते आणि ती वेळ आधी आरक्षित करावी लागते. तिसरं, गावं दुपारी बंद असतात. जेवण बारा ते दोन या वेळातच मिळतं, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. एका दिवसात रेटलं तर रोकामादूर सकाळी आठला आणि सँ-सीर रात्री नऊला दिसेल, मधलं काही नाही. इतक्या लांब येऊन पेश-मेर्लच्या दारावरून पुढे जाऊ नये.

ओकपान

पेश-मेर्लचा उल्लेख झालाच आहे तर भर घालतो. भूशास्त्र हा माझा विषय आणि ही गुहा मी दोनदा पाहिली आहे.

१९२२ मध्ये गावातल्या आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र या दोन पोरांनी ती शोधली. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, पाठीला पाठ लावून उभे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं डोकं जिथे काढलंय तिथे खडकालाच घोड्याच्या तोंडाचा आकार आहे. चित्रकाराने तो आधी पाहिला असणार आणि मग बाकीचा घोडा त्याला जोडला असणार. भोवती हाताचे ठसे आहेत, पंजा भिंतीवर ठेवून तोंडाने रंग फुंकलेले. पुढे एका ठिकाणी ओल्या मातीत उमटून घट्ट झालेली पावलं आहेत, एका किशोरवयीन मुलाची.

सायकलवाल्यांना मी आवर्जून दाखवेन ते मात्र वेगळंच. गुहेच्या छतातून ओकचं एक मूळ खाली आलंय, मोकळ्या हवेतून सरळ उतरून जमिनीत शिरलेलं. वर ज्या रानातून आपण दगड चुकवत आलो त्यातल्याच एका झाडाचं. पठारावर पाणी का नाही याचं उत्तर तिथे उभ्या उभ्या मिळतं. चुनखडीला भेगा असतात, पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी त्या भेगांत शिरतं, दगड विरघळवत खाली जातं. वर ओढे नाहीत, नाले नाहीत. सगळं पाणी खाली, गुहांतून, आणि ते बाहेर पडतं थेट दरीच्या तळाशी झऱ्यांतून. म्हणून मोठी गावं दरीत आणि पठारावर तुरळक वस्त्या. झाडालाही पाण्यासाठी एवढं खोल जावं लागतं.

रोकामादूरजवळ पादिराकचं विवर आहे, तेही याच कारणाने झालेलं. छत कोसळून उघडं पडलेलं भोक, आणि १०३ मीटर खाली जिवंत नदी, जिच्यावर होडीतून नेतात. गुहाशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये पहिल्यांदा आत उतरले. वेळ असेल तर पहिल्या दिवशी सकाळी तेही करा.

गुहेत तापमान बारा-तेरा अंश असतं. घामाने भिजलेल्या जर्सीत तासभर तिथे राहिलात तर हुडहुडी भरेल. कोरडा शर्ट आणि विंडचीटर घेऊन जा. फोटो काढू देत नाहीत. रोज जास्तीत जास्त ७०० लोकांनाच आत सोडतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका.

सायकलवेडी

वाचताना सारखं कोकणातल्या सड्यावर असल्यासारखं वाटतंय. उघडा कातळ, गडगे, खाली खाडी. फक्त जांभ्याऐवजी चुनखडी.

माझा प्रश्न खाण्याचा. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. बदकाच्या मुलखात माझं कसं व्हायचं? आणि पठारावर पाणी नाही तर बाटल्या कुठे भरायच्या?

रानवाट

@सायकलवेडी, पाणी आधी. प्रत्येक दरीत उतरलात की दोन्ही बाटल्या आणि जमल्यास एक जास्तीची भरून घ्या. पठारावरच्या वस्तीत दुकान नसतं, पण दफनभूमी असते आणि तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. पाटी नसेल आणि शंका असेल तर जवळच्या घरी विचारा. आधी 'बोंझूर' (नमस्कार) म्हणा, मग विचारा. हा क्रम इथे फार पाळला जातो. मला आजवर कुणी पाण्याला नाही म्हटलेलं नाही.

खाण्याचं सविस्तर @बोर्दोकर सांगतील, त्या स्वतः शाकाहारी आहेत.

बोर्दोकर

सांगते. उपाशी राहणार नाहीस, पण सावध राहावं लागतं.

मुख्य अडचण बदकाच्या मांसाची नाही, ते ताटात दिसतं. अडचण बदकाच्या चरबीची. इथे बटाटे तिच्यात परततात, लसणाच्या तूरँ नावाच्या सूपमध्ये ती असते, आणि विचारलं तर लोक मनापासून सांगतात की यात मांस नाही. म्हणून 'सां ग्रेस द कानार', म्हणजे बदकाची चरबी नको, हे नीट म्हणायला शीक. सॅलडवरही बदकाच्या जठराचे तुकडे येतात, ते आधीच नको म्हण.

आता चांगलं. रोकामादूर नावाचंच बकरीच्या दुधाचं चीज आहे, तळहातावर दोन मावतील एवढी चकती, १९९६ पासून त्याला प्रादेशिक नामांकन आहे. ताजं असताना मऊ, आतून जवळपास वाहतं. गरम पावावर ठेवून, वर अक्रोड आणि मध घालून देतात. अक्रोड तर घरचेच. उन्हाळ्यात केर्सीचं (हे या भागाचं जुनं नाव) खरबूज, केशरी गराचं. शेताच्या कडेला टेबल मांडून, वर पैसे टाकायचा डबा ठेवून विकतात. आणि पास्तिस द्यु केर्सी: सफरचंदं घालून, वर कागदासारख्या पातळ पिठाचे चुरगळलेले थर. चढाआधी एक तुकडा खाल्ला की तासभर चिंता नाही. केशराची शेतीही या भागात आहे. मधे जवळजवळ संपली होती, गेल्या काही दशकांत पुन्हा उभी राहिली. काजार्क बाजूला गेलीस आणि ऑक्टोबर असेल तर जांभळी शेतं दिसतील.

बेकरी सकाळी लवकर उघडते आणि दुपारी बंद होते. बहुतेक ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. लहान गावात एकच बेकरी असते तेव्हा रविवारी संध्याकाळीच सोमवारचा विचार करून ठेव. मी हँडलबार बॅगेत शेंगदाण्याची चटणी नेते. पाव, ते चीज आणि ती चटणी, मला दुसरं जेवण लागत नाही.

भोरघाट

माझी शंका वेगळी आहे. ही सगळी खासगी जमीन असणार ना? आपण कुणाच्या तरी शेतातून सायकली घालायच्या आणि मालकाने हाकलायचं, असं नको. आणि शिकारीबद्दल ऐकून आहे. ते कितपत खरं?

रानवाट

@भोरघाट, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे.

गावाच्या मालकीच्या ग्रामीण वाटा असतात, त्या सगळ्यांना खुल्या, सायकललाही, जोवर नगराध्यक्षाने लेखी बंदी घातलेली नाही. खासगी वाटेवर 'प्रोप्रिएते प्रिवे' (खासगी मालमत्ता) अशी पाटी किंवा साखळी असते. तिथून मागे फिरायचं, वाद घालायचा नाही. नकाशासाठी राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, म्हणजे आयजीएनचा, १:२५,००० चा नकाशा वापरा. एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर, वस्ती, विहीर, गडगा सगळं त्यावर आहे. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. लाल-पांढऱ्या पट्ट्या म्हणजे लांब पल्ल्याच्या जीआर वाटा, पिवळी पट्टी म्हणजे स्थानिक फेरी. या मुळात चालणाऱ्यांसाठी आहेत. सायकलला सरसकट बंदी नाही, पण माणूस दिसला की वेग कमी करा, आवाज द्या, अरुंद वाट असेल तर उतरा. फिजाक आणि काओरवरून जाणारी जीआर ६५ ही स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रावाट आहे आणि तिचा एक फाटा सेलेच्या दरीतून जातो. मे आणि सप्टेंबरमध्ये तिथे पाठीवर शिंपला (या यात्रेची खूण) बांधलेले यात्रेकरू पुष्कळ असतात. त्यांच्या वाटेवर मी सायकल नेत नाही. बाजूला समांतर गाडीवाटा असतातच.

फाटकं! हे कुणी सांगत नाही. मेंढरांच्या कुरणातून वाट जात असेल तर तारेचं किंवा लाकडी फाटक असतं. उघडलं तर लगेच लावा, मागून सोबती येणार असला तरी लावा. इथली मेंढरं ओळखू येतात: पांढरं अंग, काळे कान आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा घातल्यासारखी. सायकल पाहून सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मग एकदम एकाच दिशेला सुटतात. फाटक उघडं असेल तर मेंढपाळाची संध्याकाळ गेली.

शिकार: मुख्य हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार असते, बंदुका लांब पल्ल्याच्या. शनिवार-रविवार जास्त, बुधवारीही असते. वाटेच्या तोंडाशी 'शास आं कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली, नारिंगी जाकीट घातलेली माणसं दिसली, तर त्या रानात शिरू नका. थांबून विचारलं की कुठल्या बाजूने जावं ते सांगतात. त्या दिवसांत आपणही भडक जाकीट घालायचं. मे-जून हा काळ सगळ्यात उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर पारा ३५ च्या वर जातो आणि गडग्यांमधल्या वाटेवर वारा लागत नाही.

आणखी एक, गोचीड. गवतात बसलात तर संध्याकाळी गुडघ्याच्या मागे, कमरेला, मांडीला तपासा. सोबत छोटा चिमटा ठेवा. त्यातून लाइम नावाचा आजार होतो, दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

कावेरीकाठ

माझी मुलं नऊ आणि बारा वर्षांची. दहा टक्के चढ आणि धारदार खडी त्यांना जमणार नाही. तुम्ही नदी धरून जाऊ नका म्हणता, पण आम्हाला तर तोच पर्याय दिसतोय.

रानवाट

@कावेरीकाठ, मुलं असतील तर नदीकाठच बरा. पण डी-६६२ वर मुलांना नेऊ नका, गाड्या वेगात असतात. लोतच्या दुसऱ्या तीरावर बऱ्याच ठिकाणी लहान रस्ता आहे, तो शोधा. मुक्काम एकाच जागी ठेवा, नदीकाठच्या नगरपालिकेच्या कॅम्पिंगवर. तंबूची जागा स्वस्त असते आणि मुलांना पोहता येतं. एक दिवस फिजाकला जा. शांपोल्यों १७९० मध्ये तिथे जन्मले, रोझेटा शिलालेखावरून इजिप्तची चित्रलिपी उलगडणारे. त्यांच्या घराजवळच्या चौकात त्या शिलालेखाची प्रचंड प्रतिकृती फरशी म्हणून बसवली आहे, मुलं त्या अक्षरांवरून चालतात. शेजारी जगभरच्या लिप्यांचं संग्रहालय आहे.

तरी एकदा तरी मुलांना पठारावर न्या, सायकल नसली तरी चालेल. रात्री न्या. या भागातल्या आकाशाला केर्सीचा काळा त्रिकोण म्हणतात, फ्रान्समधल्या सगळ्यात अंधाऱ्या जागांपैकी एक. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते.

बोर्दोकर

लोतच्या उत्तरेला दोर्दोन्य आणि वेझेरच्या दऱ्या आहेत, त्याबद्दलही थोडं लिहिते, कारण काहींना तिथूनच सुरुवात करणं सोपं जाईल. बोर्दोहून सार्लाला थेट लोकल गाडी जाते.

तिकडचं रान वेगळं. बेल्व्हेस आणि मोंपाझिएच्या मधलं बेसेदचं जंगल वाळूमिश्रित मातीवर आहे, चेस्टनट आणि पाइनचं. वाटा मऊ, सावली भरपूर, खडी कमी. पण पाऊस पडून गेला आणि लाकूडतोडीची यंत्रं फिरली असली की चाकाएवढ्या खोल चाकोऱ्या पडतात आणि चिखल ब्रेकमध्ये जाऊन बसतो. दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. जंगलातून बाहेर पडलं की मोंपाझिए: इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये वसवलेलं, आखीव चौकोनी रस्त्यांचं गाव, मधे कमानींचा चौक. इंग्लंडचा राजा इथे कसा, तर हा प्रदेश तेव्हा त्याच्याकडे होता. पुढे शंभर वर्षांच्या युद्धात दोर्दोन्य ही सरहद्द झाली. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन तीरांवर एकमेकांकडे बघत उभे आहेत, ते त्यामुळेच.

लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेबद्दल एक सूचना. १९४० मध्ये सापडलेली मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रं खराब होऊ लागली म्हणून. मोंतिन्याकला २०१६ मध्ये उघडली ती प्रतिकृती. उत्तम आहे, पण प्रतिकृती. अस्सल चित्रं पाहायची असतील तर लेझेझी गावाजवळची फोंद-गोम, किंवा वर सांगितलेली पेश-मेर्ल.

पंपवाला

सँ-सीर-लापोपीबद्दल कुणी जास्त लिहिलंच नाही. फोटो फार सुंदर आहेत.

रानवाट

@पंपवाला, खरंय, राहून गेलं. गाव लोतवर उंच कड्यावर आहे. २०१२ मध्ये फ्रेंच लोकांनी मतदान करून त्याला आवडतं गाव म्हणून निवडलं, तेव्हापासून दुपारी गल्लीतून चालणं मुश्कील. कवी आंद्रे ब्रतों १९५१ पासून उन्हाळ्यात इथे राहत असत. मला त्या गावाचा जुना धंदा जास्त भावतो: लाकूड कातणाऱ्यांचं गाव होतं ते, आणि पिंपांना लावायच्या लाकडी तोट्या इथे बनत. खाली नदीतून काओरची काळपट लाल वाइन पिंपांत भरून बोर्दोला जाई, म्हणजे गिऱ्हाईक दारातच. काही घरांच्या तळमजल्यावर रुंद कमानी आहेत, ती कारागिरांची दुकानं.

बूझिएसहून गावाच्या पायथ्याशी यायला नावा ओढण्याची जुनी वाट आहे. कडा थेट पाण्यात उतरतो, वाट काढायला जागाच नव्हती, म्हणून १८४० च्या दशकात ती खडक कोरून काढली. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला कडा, आणि डोक्यावर छतासारखा पुढे आलेला खडक. ज्यांना नावा प्रवाहाविरुद्ध ओढायच्या होत्या त्यांच्या उंचीला बेतलेली आहे, अंगाला बॅग असेल तर वाकावं लागतं. इथे सायकलवर बसू नका. चालणाऱ्यांची वाट आहे, अरुंद आहे. सायकल हातात धरून, सकाळी नऊच्या आत जा. रात्रीचा मुक्काम बूझिएसला केला तर हे सहज जमतं आणि गावात पर्यटकांच्या आधी पोचता.

तिथून लिमोन्यच्या कॉसवर चढलात की गर्दी पहिल्या वळणालाच मागे राहते. वाटेत गडग्यांमधे गोल दगडी खोपटी दिसतील, चुना-माती काही न लावता नुसत्या चिपा पुढे पुढे सरकवत घुमट केलेला. पाऊस आला तर बिनधास्त आत बसा, तेवढ्यासाठीच ती बांधलेली. दगड मात्र काढू नका, गडग्यावर चढू नका. पुढे लालबँक: हिवाळ्यात दर मंगळवारी तिथे काळ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीचा) बाजार भरतो. लालबँकहून काओरला उतरताना शेवटी व्हालांत्रेचा पूल पाहून मगच स्टेशनावर जा. चौदाव्या शतकातला, तीन बुरुजांचा, स्टेशनापासून अगदी जवळ.

दख्खनी

बरं, पटलं. तीन दिवस. पुढच्या मे महिन्याचं पाहतोय. पुण्याहून सायकल खोक्यात घालून पॅरिसला उतरलो तर पुढे रेल्वेत कशी न्यायची?

रानवाट

@दख्खनी, पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनावरून लिमोज, ब्रीव, काओर, तुलूझ अशी लांब पल्ल्याची गाडी आहे. तिच्यात सायकलला जागा असते, पण मोजक्याच, आणि तिकिटाबरोबरच ती पैसे भरून आरक्षित करावी लागते. ब्रीवला उतरा, तिथून फिजाककडे जाणारी लोकल रोकामादूर-पादिराकला थांबते. लोकलमध्ये सायकल नेता येते, डब्यात हुक असतात किंवा मोकळी जागा. गाड्या दिवसाला थोड्याच आहेत, तेव्हा ब्रीवची जोडगाडी बघूनच पॅरिसचं तिकीट काढा. सायकल सुटी करून पिशवीत घातली, १३० बाय ९० सेंटिमीटरच्या आत, तर ती सामान म्हणून चालते. विमानाचं खोकं मात्र डब्यात मावत नाही. पॅरिसला पहिल्या रात्री ज्या हॉटेलात उतराल तिथेच ते ठेवू देतील का, हे बुकिंग करताना विचारून घ्या. परतीच्या प्रवासाला तेच वापरता येईल.

मे महिन्यात १, ८ आणि बहुतेक वर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार या सुट्ट्या असतात, त्या आठवड्यांत मुक्काम आधी ठरवा. मार्सियाक आणि बूझिएसला जागा थोड्या आहेत. तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका, मी तुलूझहून रोकामादूरला येतो आणि ब्रोन्यमधून सोबत जाऊ.